उंबऱ्याच्या आत मराठी

आमच्या घरात एका हिंदी शब्दाला एक थापड बसायची. हा नियम बाबांनी कधी केला ते मला आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होताच, घरात चूल असावी तसा. उंबऱ्याच्या बाहेर काय बोलायचं ते बोला, आत आलं की मराठी.

आम्ही मूळचे उमरेडकडचे. गावात बाबांना बारमाही काम नव्हतं. छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, इमारतींना आणि पुलांना सळई लागायला लागली, तेव्हा रायपूरजवळच्या उरला भागातल्या लोखंडाच्या मिलमध्ये माणसं हवी होती. गावातला एक जण आधीच तिथं होता. त्याच्या सांगण्यावरून बाबा आले आणि सहा महिन्यांनी आम्हाला घेऊन आले. मी तेव्हा चार वर्षांची, दादा आठचा. बिरगावच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दारासमोर बोरिंग होती, म्हणजे हातपंप, आणि पलीकडे ट्रकांचा रस्ता. सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी काढताना झटकले की काळी भुकटी पडायची.

बाबांचं काम भट्टीपुढचं. तापून लाल झालेली सळई फिरत्या रुळांतून सुसाट बाहेर यायची आणि ती मोठ्या चिमट्यानं पकडून पुढच्या रुळात घालायची. समोरच्या बाजूला दुसरा माणूस असायचा, तो ती परत इकडे पाठवायचा. दिवसभर हेच. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे गोल डाग होते. लहानपणी मी ते डाग मोजत बसायची आणि ते मोजू द्यायचे. हेही सांगितलं पाहिजे. चांगल्या दिवशी ते मला मांडीवर घेऊन गावाकडच्या गोष्टी सांगायचे, बैलाच्या, भुताच्या, आणि त्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की मला वाटायचं, हे असेच राहावेत.

मला आठवणारा पहिला मार दादाचा आहे. तो शाळेतून धावत आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "माँ, पानी दे." बाबा बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, अगदी शांतपणे विचारलं, "काय पाह्यजे तुले?" दादा म्हणाला, "पानी." तो 'न' त्यांना खटकला. त्यांनी थापड मारली ती कानावर बसली. दादा भिंतीवर जाऊन आपटला. मग उठवून परत उभं केलं. "पाणी म्हण." त्याच्या तोंडून पुन्हा पानीच निघालं. मुद्दाम नव्हतं, आठ वर्षांच्या पोराची जीभ घाबरून अडकली होती. आई पाण्याचा पेला हातात धरून चुलीपाशी उभी होती आणि तिला तो पुढे करता येत नव्हता. पाचव्या की सहाव्या थापडेला त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा बाबा थांबले. मग स्वतःच ओल्या फडक्यानं त्याचं नाक पुसलं.

रोज कामावरून आल्यावर ते आम्हाला शिकवायला बसवायचे. गावाहून त्यांनी जुनी मराठी पुस्तकं आणली होती, पहिलीपासून चौथीपर्यंतची. आमच्या शाळेत सगळं हिंदीत. घरी संध्याकाळी धडा वाचायचा, शुद्धलेखन लिहायचं आणि चुकीच्या प्रत्येक अक्षराला लाकडी पट्टीची धार बोटांच्या पेरांवर. 'ळ' ला मी पुष्कळ मार खाल्ला आहे. आमच्या आजूबाजूला कुणीच तो उच्चारत नव्हतं, हिंदीत तो नाहीच, त्यामुळे 'केळ' म्हणताना 'केल' निघायचं. आज मी हे मराठीत लिहिते आहे, आणि जे कोणी विचारतात की रायपुरात वाढून इतकं बरं मराठी कसं, त्यांना मी म्हणते, घरी बोलायचो. पट्टीबद्दल सांगत नाही. पण माझं मराठी त्या पट्टीनं आलं आहे, ही गोष्ट मला नाकारता येत नाही आणि तिच्याबद्दल आभारही मानता येत नाहीत.

दादानं वेगळाच मार्ग काढला. तो घरात बोलेनासा झाला. भूक लागली तर ताटासमोर जाऊन बसायचा. काही हवं असलं तर बोट दाखवायचा. बाबांना सुरुवातीला वाटलं, पोरगा सुधारला. मग लक्षात आलं, आणि मग न बोलण्यासाठी मार सुरू झाला. त्यासाठी पट्टी पुरायची नाही, पट्टा काढायचे. दादा ओठ घट्ट मिटून उभा राहायचा. त्याचं ते मुकाट उभं राहणं मला माराहूनही भयंकर वाटायचं. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात म्हणायची, बोल ना रे, एक शब्द बोल.

शाळेत त्याला पोरं चिडवायची. त्याच्या हिंदीत कुठे कुठे आमची बोली डोकवायची, 'क्यों' च्या जागी 'काहून' निघून जायचं, आणि मग सुट्टी होईपर्यंत 'काहून, काहून' चालायचं. पाचवीत असताना त्यानं असंच चिडवणाऱ्या एका मुलाच्या तोंडावर दगड मारला. त्या मुलाची भुवई फाटली, चार टाके पडले. मास्तरांनी दादाला सगळ्या वर्गापुढे वेताच्या छडीनं झोडलं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काहून मारला तू त्याले? दादानं सांगितलं नाही. तिथंही मार. त्या एका दिवशी त्यानं तीन वेळा मार दिला किंवा खाल्ला, आणि रात्री जेवताना त्याला घास चावता येत नव्हता म्हणून आईनं भात दुधात कालवून दिला.

आईबद्दल. आई गावात असताना फारशी बोलायची नाही असं मावशी सांगायची. इथं आल्यावर तिची शेजारच्या एका बाईशी गट्टी जमली. ती छत्तीसगढी होती, विधवा, पहाटे भाजी आणून हातगाडीवर विकायची. आम्ही तिला काकी म्हणायचो. काकीला मराठी येत नव्हतं, आईला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून आई सरळ काकीचीच बोली शिकली. 'हो' ला 'हव' म्हणायला लागली, मुलीला 'नोनी', पोराला 'लइका' म्हणायला लागली. बोरिंगवर पाणी भरताना ती काकीशी तासन्‌तास बोलायची. त्या बोलीत आई वेगळीच बाई होती. हातवारे करायची, नकला करायची, मोठ्यानं हसायची. घरात पाऊल टाकताच ते हसू ती बाहेर ठेवून यायची.

एकदा बाबांची रात्रपाळी सकाळी सुटली आणि ते नेहमीपेक्षा लवकर परतले. मी दारात दात घासत होते, दादा शाळेचे कपडे घालत होता. बोरिंगवर आठ-दहा बाया होत्या आणि आई मधोमध उभी राहून काहीतरी सांगत होती. सगळ्या हसत होत्या. आईनं बाबांना पाहिलं नाही. ती बोलत राहिली आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसली. बाबांनी मागून येऊन तिचा अंबाडा धरला.

त्यांनी तिला बोरिंगपासून आमच्या दारापर्यंत केसांनी ओढत आणलं. मध्ये तिचा पाय भरल्या बादलीला लागला, बादली कलंडली आणि त्या चिखलात ती पडली. पडल्यावर त्यांनी तिला लाथा घातल्या. पोटात, बरगडीत. ते काही बोलत नव्हते, नुसता श्वास ऐकू येत होता. आई ओरडलीही नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

काकी आली ती हातातल्या रिकाम्या पितळी गुंडासकट, म्हणजे घागरीसकट. तिनं तो गुंड दोन्ही हातांनी उचलून बाबांच्या पाठीत घातला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बाबा वळले तर काकी तिथंच उभी, त्यांच्या छातीपर्यंतही न पोचणारी बाई. ती म्हणाली, "छोड़ ओला. अपन दाई ला घलो अइसने मारथस का?" सोड तिला, स्वतःच्या आईलाही असंच मारतोस का. मागे बाकीच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात लाकूड. बाबांनी एकेकीकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

आई बरी व्हायला महिना लागला. दवाखान्यात तिनं सांगितलं, बोरिंगवर घसरून पडले. त्यानंतर बाबांनी तिला बाहेर कधी हात लावला नाही. जे व्हायचं ते दार लावून, रेडिओ मोठा करून. रेडिओचा आवाज वाढला की पाऱ्यात सगळ्यांना कळायचं, आणि काकी आमच्या दारावर थापा मारायला लागायची. कधी दार उघडलं जायचं, कधी नाही.

अशी दहा वर्षं गेली. मी नववीत होते. दादानं दहावीनंतर शाळा सोडली होती. नव्या राजधानीचं बांधकाम शहराच्या पलीकडे जोरात चाललं होतं, मैलोन्‌मैल रस्ते, सरकारी इमारती. तिथं तो मुरूम वाहणाऱ्या डंपरवर आधी मदतनीस आणि मग चालक झाला. अठरा वर्षांचा, बाबांपेक्षा वीतभर उंच. घरात तो अजूनही बोलायचा नाही. जेवायचा, झोपायचा, जायचा. बाबांनीही त्याच्यावर हात टाकणं सोडलं होतं. आता फक्त मी आणि आई उरलो होतो.

त्या दिवशी शाळेत भाषणाची स्पर्धा होती आणि माझा पहिला नंबर आला. हिंदी भाषणात. मला एक प्रमाणपत्र आणि स्टीलचा छोटा कप मिळाला. शाळा लवकर सुटली. घरी आले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. बाबा घरी नाहीत असं समजून मी चुलीपुढेच उभी राहून तिला सगळं भाषण म्हणून दाखवायला लागले, हातवारे करत, जसं शाळेत केलं तसं. आई लाटणं हातात धरून ऐकत होती. तिला निम्मंच कळत होतं, पण तिचा चेहरा उजळला होता.

बाबा मागच्या खोलीत झोपलेले होते. ते दारात येऊन किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही. भाषण संपल्यावर त्यांनी माझ्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, वाचलं, आणि आडवं-उभं फाडून चुलीत टाकलं. मग म्हणाले, "आता हेच मराठीत म्हण."

मी प्रयत्न केला. खरंच केला. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्यात एका शब्दासाठी अडले. 'पर्यावरण' चालेल, पण 'ज़िम्मेदारी' ला काय म्हणायचं ते सुचेना. पट्ट्याचा पहिला फटका पाठीवर बसला. "बोल." मी पुढचं वाक्य बोलले, त्यात 'और' निघालं. दुसरा फटका. मग माझ्या तोंडून काही निघेचना. त्यांनी माझं डोकं मागून धरून भिंतीला टेकवलं आणि प्रत्येक न बोललेल्या वाक्याला एक, असे मारत राहिले. एका फटक्यात पट्ट्याचं बक्कल माझ्या कानाच्या मागे लागलं. मला गरम काहीतरी मानेवरून उतरताना कळलं. आई मध्ये पडली तर तिला कोपरानं असं ढकललं की ती चुलीशेजारच्या पाटावर तोंडावर पडली. तिचा पुढचा दात तेव्हा गेला.

दादा दुपारच्या जेवणाला आला होता. डंपर रस्त्यावर उभा करून, चाक खोलायची लोखंडी टॉमी हातात घेऊनच तो आत आला. टायर पंक्चर होता, जेवून तो बदलायचा होता, एवढंच. तो दारात थांबला. त्यानं मला पाहिलं, आईला पाहिलं. बाबांनी पट्टा उचलला होता. दादानं टॉमी त्यांच्या उजव्या मनगटावर मारली.

हाड मोडल्याचा आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा आला. बाबा खाली बसले. दादानं टॉमी पुन्हा उचलली, आणि मग तो बोलायला लागला. दहा वर्षं ज्या घरात त्यानं शब्द काढला नव्हता त्या घरात तो मराठीत बोलायला लागला, आणि जे बोलला ते सगळं शिव्यांत. बाबांच्या आईवरून, त्यांच्या गावावरून, त्यांच्या भट्टीवरून. एकही हिंदी शब्द नव्हता. बाबांच्याच हेलात, त्यांच्याच गावच्या शिव्या, ज्या त्यानं मार खाताना ऐकून ऐकून पाठ केल्या असणार. शेवटी म्हणाला, "माह्या बहिणीले हात लावशीन तं दुसराबी तोडीन. माह्या मायले लावशीन तं मुडदा पाडीन तुहा. समजलं काय?"

बाबा मोडलेला हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे वर पाहत होते. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "येते तं तुले. सारी येते."

दादाच्या हातातली टॉमी खाली पडली. ती तिथंच सोडून तो बाहेर पडला. मग तशीच पंक्चर गाडी घेऊन गेला आणि सात महिने परत आला नाही.

हॉस्पिटलात बाबांनी सांगितलं, मिलमध्ये लागलं. मिलवाल्यांनी सांगितलं, आमच्याकडे तर काही झालं नाही, हा माणूस त्या दिवशी कामावरच नव्हता. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं होतं. मूठ वळायची नाही. चिमटा धरता येणार नव्हता. मिलमधलं काम तिथंच संपलं.

प्लास्टर घालायच्या आधी, हॉस्पिटलातल्या बाकावर मी बाबांजवळ बसून होते, माझ्या कानामागे पट्टी बांधलेली. त्यांना बघायला मिलमधला एक माणूस आला. बिहारचा होता, बाबांच्या समोरच्या बाजूला सळई पकडणारा. तो लंगडत चालायचा. बाबांना आत नेल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि विचारलं, कुणी मारलं तुला? मी केस पट्टीवर ओढून घेतले. मग तोच सांगत राहिला. बाबा मिलमध्ये कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एकदा सळई रुळात नीट न शिरता वाकली आणि सुटली. बाबांच्या ते आधी लक्षात आलं. "तेरे बाबा ने आवाज़ दी थी, बेटी. पर अपनी बोली में दी. थांब, थांब. मैं क्या समझता? मैंने डाल दी." ती लाल सळई त्याच्या मांडीभोवती गुंडाळली गेली. फोरमननं बाबांना सगळ्यांसमोर थापडा मारल्या आणि म्हणाला, हिंदीत ओरडायला शीक. त्यानंतर किती तरी दिवस पाळीवर येता-जाता जो भेटेल तो त्यांना 'थांब, थांब' करून चिडवायचा. त्या माणसानं पँटचा पाय वर करून मला त्याची मांडी दाखवली. मेणासारखी वितळून थिजलेली कातडी.

मी हे आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी सापडलं. आईनं विचारलं, "म्हणून काय? मारायचे तं ते गावातही." ती भाजी निवडत राहिली. त्यानंतर मी त्या गोष्टीतून काही कारण काढायचा प्रयत्न केला नाही. झालं ते झालं, दोन्ही गोष्टी घडल्या.

काकीनं आईला शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकाला लावून दिलं. तिथं सगळ्या बाया छत्तीसगढी. सहा महिन्यांत आईच त्यांची पुढारी झाली. बाबा घरी असायचे. डाव्या हातानं जेवायला शिकले. एकदा आईला यायला उशीर झाला म्हणून त्यांनी डावा हात उगारला. आईनं तो हवेतच धरला. लग्नापासून ती त्यांच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलत आली होती. त्या दिवशी ती घराच्या आत, उंबऱ्याच्या आत, पहिल्यांदा त्या बोलीत बोलली. "अब झन मारबे. हाथ ला नीचे कर." आता मारायचं नाही, हात खाली कर. त्या बोलीत तिनं त्यांना एकेरीत सांगितलं. बाबांनी हात खाली घेतला. याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वरणाचं भांडं भिंतीवर फेकलं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांच्या अंगावर धावून गेले. पण आईला त्यांनी परत मारलं नाही.

दादा सात महिन्यांनी आला, मग दर रविवारी यायला लागला. त्यानं काकीच्या भावाच्या मुलीशी लग्न केलं. तो आला की बाबा उठून बसतात आणि त्याच्याशी हिंदीत बोलतात. "आइए. बैठिए. काम ठीक चल रहा है?" असं, 'आप' लावून, एखाद्या साहेबाशी बोलावं तसं. दादाही त्यांना हिंदीतच उत्तर देतो. हा मान आहे की शिक्षा, की भीती, मी कित्येक वर्षं ऐकते आहे तरी मला ठरवता येत नाही. दोघांनीही कधी सांगितलं नाही.

माझ्याबद्दल एक गोष्ट. मी नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात काम करते, नवरा हिंदी बोलणारा, आमच्या घरात हिंदी चालते. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. मी तिला त्याबद्दल कधी बोलले नाही. पण ती पाच वर्षांची असताना तिनं माझ्या ऑफिसच्या कागदांवर रंग सांडला आणि मी तिच्या गालावर मारलं, जोरात. मारताना माझ्या तोंडून निघालं, "समजत नाई काय बे तुले?" तिनं गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही, तिला आश्चर्य वाटलं होतं. तिनं विचारलं, "मम्मी, आप किसकी आवाज़ में बोलीं?" मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नळ सोडून बसले. त्यानंतर मी तिला मारलेलं नाही. राग आला की मी घराबाहेर पडते, मग भर दुपार असली तरी.

दोन वर्षांमागे बाबांनी ठरवलं, आता गावी जाऊन राहायचं. त्यांच्या वाटणीची एक खोली गावात होती, तिथं पुतण्याचं कुटुंब राहत होतं. त्यांनी आईला सामान बांधायला सांगितलं. आई म्हणाली, तुम्ही जा, मी नाही येत, माझं सगळं इथं आहे. ते बरेच दिवस रुसले आणि मग एकटेच गेले. आम्हाला वाटलं, आता येत नाहीत.

तीन महिन्यांनी फोन आला, स्टेशनवर उतरलो आहे, घ्यायला ये. मी स्कूटी घेऊन गेले. ते फलाटाबाहेर पिशवी पायात धरून बसले होते. कपाळावर आणि नाकावर खरचटलेलं, कोपरावर चांगली खोल जखम, त्यावर माशा बसत होत्या. मी विचारलं तर म्हणाले पडलो. आमच्या घरात हे उत्तर मी फार ऐकलं आहे. मी स्कूटी सुरूच केली नाही. मग ते बोलले. गावात लोकांना त्यांचं बोलणं हसू येण्यासारखं वाटायचं. इथं वीस-बावीस वर्षं राहून त्यांच्या मराठीत 'लेकिन', 'मतलब', 'हव' सगळं शिरलं होतं, त्यांना कळलंही नव्हतं. पुतण्याची पोरं त्यांना छत्तीसगढिया आजोबा म्हणून नकला करायची. एकदा त्यांनी त्यातल्या थोरल्याला थापड मारली. पुतण्या आतून आला आणि त्यानं बाबांना ओट्यावरून खाली ढकललं.

"म्हातारा माणूस हो मी," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाले ढकलते काय कोणी?"

मला त्या क्षणी हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मी त्यांना घेऊन बिरगावच्या घरी आले.

रविवार होता, दादा आलेला होता. त्यानं जखमा पाहिल्या, मला बाजूला घेऊन विचारलं आणि मी सांगितलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, मी आत्ता निघतो, उमरेड किती लांब आहे, त्या पुतण्याचे दोन्ही हात तोडून येतो. तो खरंच निघाला होता, दारापर्यंत पोचला होता. बाबा बाजेवरून म्हणाले, "रहने दीजिए. बैठिए. चाय पी लीजिए."

दादा दारात उभा राहिला. मग आत आला आणि बसला. आईनं दोघांना चहा दिला. दोघं कपाकडे पाहत प्यायले.

कोपराची जखम भरायला महिना लागला, साखरेच्या दुखण्यामुळे चिघळत होती. आई रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती कोमट पाण्यानं धुवायची, मलम लावायची, नवी पट्टी बांधायची. तेवढा वेळ बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे.